पटकन उघडलेल्या शिवल्या

नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी विसरेन. तर क्षिप्रा लॅबमध्ये उभी आहे, बोटातून रक्त येतंय, आणि हातातली शिवली काही केल्या उघडत नाहीये. शिवली म्हणजे आपण तिसऱ्या म्हणतो ना, तीच. शिरवण्याच्या खाडीतली. गुरुवारची संध्याकाळ, शहाण्णव साल. आणि शुक्रवारी बारा वाजता दिल्लीची कमिटी येणार.

तिचं काम काय होतं, तर शिवलीच्या कल्ल्याचा एवढासा तुकडा घ्यायचा आणि तो तीन मायक्रोस्कोपखाली बघायचा. पहिल्यात नुसता आकार दिसतो. दुसऱ्यात रंग घातलेला भाग काळोखात चमकतो. तिसरा लेझरवाला, तो आतले थर एकेक करून दाखवतो. मग तिन्ही फोटो ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकवर, छापायचे आणि एकावर एक ठेवायचे. जुळले की झालं. पण तुकडा जिवंत हवा, सगळी गोम तिथेच. मेलेला तर कॉलेजातली पोरंपण जुळवतात.

आणि जिवंत कल्ला गप बसतो होय? त्याला केसांसारखे बारीक तंतू असतात, ते सारखे वळवळतात. स्लाइड एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेईपर्यंत तुकडा सरकलेला असायचा. चौदा महिने. एकसष्ट वेळा. प्रत्येक वेळी आकार इकडे, रंग तिकडे. तिचे गाईड अभय सर ट्रान्सपरन्सी दिव्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "काय गं, लग्नातला फोटोग्राफर प्यायला होता काय?" पहिल्यांदा ती हसली होती. नंतर नंतर तिला त्यांच्या हातातून ते फोटो ओढून फाडावेसे वाटायचे. कमिटीला पटलं नाही तर लेझरवाला मायक्रोस्कोप दुसऱ्या शहरात जाणार होता. त्याच्यामागून हिची पीएचडी.

"या उघडतच नाहीत हो, मावशी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. स्काल्पेल टेबलावर आपटलं. लॅबमध्ये कामाला असलेल्या दुर्गाबाई काचेची भांडी विसळत होत्या. त्या शिरवण्याच्याच. शिवल्या त्याच आणून द्यायच्या, खारं पाणी भरलेल्या डब्यातून. त्यांनी हिच्या बोटाला पट्टी लावली. "जा बाय घरी. सकाली बगू," म्हणाल्या.

शुक्रवारी ही साडेनऊला आली. डबा टेबलावर, शिवल्या पाण्यात, सगळं नेहमीसारखं. पहिलीच शिवली हातात घेतली आणि स्काल्पेल टेकवलं मात्र, पटकन उघडली. तिला वाटलं, चला, आज दिवस चांगला आहे. त्या दिवशी तिने स्लाइडवरच्या पाण्यात एक घट्ट औषधपण घातलं होतं, तंतूंचा वेग कमी करायला. पहिला मायक्रोस्कोप. तुकडा एकदम शांत. एक क्षण वाटलं तिला, जरा जास्तच शांत आहे. पण घड्याळात दहा वाजून गेले होते, आणि औषध लागू पडलं असं मानायला कितीसा वेळ लागतो? रंग घातला, मस्त चढला. हा रंग काय, जिवंत-मेलेलं बघत नाही, कशालाही चढतो. मग लेझर. मग प्रिंट.

तीन ट्रान्सपरन्सी तिने एकावर एक ठेवल्या. कड कडेवर, ठिपका ठिपक्यावर. केसाचाही फरक नाही. तिने परत काढल्या, परत ठेवल्या. तेच. अभय सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "आज फोटोग्राफर शुद्धीवर होता." एवढंच.

कमिटी आली. तो फोटो पडद्यावर लागला आणि सगळे पुढे वाकून बसले. एक म्हातारे सर होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी एकच विचारलं, "हे जिवंत असतानाचंच ना, बेटा?"

"हो सर," क्षिप्रा म्हणाली. छाती काढून म्हणाली.

बस. झालं. टाळ्या. मायक्रोस्कोप इथेच राहणार, पुढची तीन वर्षं पक्की. सगळे चहाला बसले, आणि ही धावत मागे मोरीपाशी गेली. दुर्गाबाईंना मिठीच मारली तिने, ओल्या हातांसकट. "मावशी, जुळलं. आज शिवल्या कशा पटापट उघडल्या माहितीये?"

दुर्गाबाई लाजल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मना ठावं व्हतं. तुजं बोट बगून रातभर झोप नाय लागली. सकाली सातला येऊन फ्रीजरात टाकल्या मी, दोन तास. तू यायच्या आदी काडून परत पान्यात ठेवल्या. आमी घरी तसंच करतो. मंग इली लावायची पन गरज नाय, आपोआप तोंड उघरतान."

क्षिप्राचे हात तसेच राहिले, त्यांच्या खांद्यावर. "पण मावशी... मग त्या जिवंत..."

"फ्रीजरात कोन जिवंत रातं, बाय?" दुर्गाबाई हसल्या. खूप मायेने हसल्या गं.

आणि तेवढ्यात आतून अभय सरांची हाक. "क्षिप्रा, ये लवकर. फोटोखाली 'जिवंत ऊती' असं लिहिलंय, त्याच्यापुढे तुझी सही हवी फक्त. गाडी थांबलीये त्यांची."

ती आत गेली. म्हाताऱ्या सरांनी आपलं पेन टोपण काढून तिच्यापुढे धरलं होतं. दारात दुर्गाबाई कौतुकाने बघत उभ्या.

आता बोल. पेन तुझ्या हातात असतं, तर तू काय केलं असतंस?