सोंगाची सुरुवात

सोंगात पहिलं वाक्य ठासून बसलं की पुढचं समोरचाच बोलतो. बहात्तरच्या दुष्काळात आमी मिरजगावजवळ रस्त्यासाठी खडी फोडायचो. एकदा म्या सायबासारखा गॉगल लावला आन् म्हाताऱ्या कडूबाईमागं जाऊन गुरकावलो, “दुसऱ्याच्या नावावर कोण काम करतंय?” मोतीबिंदूमुळं तिनं मला वळखलं न्हाई. हात जोडून उठली. “मी, सायेब. सून बाळंतीन हाय. तिचं नाव काढू नगा.” बाकीच्यांनी पदरात हसू दाबलं. मी ऐटीत म्हनलो, “बरं, आमची परवानगी आहे.” खरं उद्या सांगू, तवर गंमत. पन सकाळीच खरे सायेब हजेरी तपासायला आले. त्यांनी तेच विचारलं. कडूबाई हसत उठली, “मी हाय. कालच्या सायबांनी परवानगी दिलीया.” “कोणते साहेब?” म्हनत त्यांनी सुनेचं नाव खोडलं. ती आमच्याकडं वळली. मी खडी फोडत राहिलो.