बिट्टीचा खोकला

सासूबाईंच्या गुडघ्यांना तिने या खेपेला उतार दिला. नवऱ्याला मागच्याच पत्रात बढती देऊन झाली होती, त्यामुळे आता त्याच्या वाट्याला साधी सर्दी आली. मग ती टाक हातात धरून बिट्टीचा विचार करत बसली. बिट्टीवर ती नेहमीच जास्त वेळ घालवी.

खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक कप. सासू नव्हती, नवरा नव्हता, बिट्टीही नव्हती. तरी रविवारची दुपार या तिघांच्या सरबराईत कशी निघून जाई, हे तिला कळत नसे.

'बिट्टीचा खोकला अजून हटत नाही,' तिने लिहिलं. 'झोपेतून उठून बसते. तुमची आठवण काढते.'

शाई वाळली. मग तिने फळीवरून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, तिच्यात दुसरा स्वच्छ टाक बुडवला आणि ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत जहाजांची नावं लिहायला घेतली. हे लिहिणं वाळलं की दिसेनासं होई. टपाल तपासणाऱ्यांनी कागद उजेडासमोर धरला तरी त्यांना सासूबाईंचे गुडघेच दिसत.

खोकला सुरू झाला तोही या बाटलीपायीच. एकदा पत्रात काय लिहावं ते सुचेना, समोर बाटली दिसली, आणि बिचारी पोर खोकायला लागली.

पोर मात्र तिने रचलेली नव्हती. ती आत्याने दिली होती. आत्या म्हणजे सीमेपलीकडच्या शहरातली करड्या कोटातली एक बाई. लढाई सुरू झाली तेव्हा एकाच संध्याकाळी दोघी भेटल्या होत्या, कामाची शिकवणी म्हणून.

"एकटी बाई परदेशी पत्रं धाडते म्हटलं की लोक कान टवकारतात," आत्या म्हणाली होती. "तुला घरदार हवं. सासू, नवरा तुझ्या मनाने घे. मुलगी मी सांगते. सहा वर्षांची. डावखुरी. जेवताना गाणं म्हणते, कितीही रागावलं तरी."

"एवढं सगळं कशाला?"

"बारीकसारीक असलं की खरं वाटतं." आत्या हातमोजे चढवू लागली. "आणि एक लक्षात ठेव. जहाजं नाहीत तर पत्रं नाहीत. उगाच टपाल नको."

आत्याची उत्तरं वरवर मोठी लाघवी असत. सासूबाईंना नमस्कार, बिट्टीला पापा, खोकला डॉक्टरला दाखवलास का, छातीला शेक देतेस ना. नाटक छान वठवते हो बाई, असं तिला वाटे. मग दुसऱ्या बाटलीतल्या गुळण्यांच्या औषधात बुडवलेला कापसाचा बोळा कागदावरून फिरवला की मधल्या ओळी तांबूस उमटत. 'तोफा किती ते लिही. उशीर नको.' त्यांत मायेचा एक शब्द नसे.

तरी ती वरच्या ओळी पुन्हा पुन्हा वाची. तिची विचारपूस करणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. ही विचारपूस खोटी होती, पण तिच्यावर तिचा आठवडा निघे.

आणि आता पंचाईत झाली होती. बंदराच्या कचेरीतून तिची बदली शिधापत्रिकांच्या खात्यात झाली. जुन्या खिडकीतून सगळा धक्का दिसायचा, नव्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची. जहाजं संपली. तसं कळवलं असतं तर पत्रंही संपली असती. म्हणून गेले काही महिने ती नवरा-सासूसारखी जहाजंही मनानेच रचत होती. इकडच्यांनी पकडलं तर फाशी, आणि तिकडच्यांना कळलं तर तेही गय करणार नव्हते. दोन्हीची तिला भीती वाटे. पण पत्र यायचं थांबेल याची त्याहून जास्त वाटे.

या पत्राचं उत्तर लवकर आलं नाही. रोज जिन्यात पावलं वाजली की ती दाराशी जाई आणि परत येई. शेवटी एका संध्याकाळी घरमालकीण खालूनच ओरडली, "अहो, तुमच्या आत्यांचं पत्र आलंय! बरंय बाई, वास्तपुस्त करायला कुणीतरी आहे तुम्हाला."

"हो ना. फार जीव आहे त्यांचा माझ्यावर," ती म्हणाली, पाकीट घेतलं आणि दार लावलं.

पाकीट पातळ होतं. वरच्या ओळी अगदी मोजक्या, हवापाण्याच्या. सासूबाईंना नमस्कार नव्हता. बिट्टीचं नावसुद्धा नव्हतं. कळलं त्यांना, संपलं सगळं, तिच्या मनात आलं. बोळा हातात घेऊन ती तशीच बसून राहिली. न भिजवता ठेवला तर निदान हे पत्र शेवटचं आहे असं कुणी सांगणार नव्हतं.

मग तिने बोळा भिजवला आणि फिरवला. तांबूस अक्षरं सावकाश वर आली.

'तू लिहिलेल्या जहाजांपैकी एक मागच्या वर्षीच बुडालंय. बाकीचीही खोटी आहेत, मला कळतं. मी वरच्यांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू लिहीत राहा. पण पोरीचा खोकला अंगावर काढू नकोस. माझ्या पोरीचा मी काढला होता.'