छातीतला नंबर

"चढाला इंजिनाला त्याचाच धूर पाजू नकोस रं, दम कोंडतो त्याचा," हा ट्रक शिकवणाऱ्या उस्तादांचा आवाज तुळाजीच्या कानात तरुणपणापासून घुमायचा. म्हणून तर धूर परत इंजिनात नेणाऱ्या ईजीआर नळीच्या तोंडाला पत्रा ठोकून त्यानं ट्रक घाटात वाऱ्यासारखा पळवला होता.

आज तोच ट्रक चढाला कुंथला, आणि मालक गायधनी शेठ गॅरेजात तडतडले.

"पत्रा काढलास? परत बसव, नाहीतर चावी ठेव."

"नाही बसवणार. उकळत्या दुधावर पाणी शिंपडावं, तसा थोडा धूर परत आत गेला की इंजिनातली आग निवते, बाहेरचं विष कमी होतं."

"दवाखान्यातल्या यंत्राला भ्यालास होय? फुंकर मारली की छातीत कुठल्या ट्रकचा धूर बसलाय, त्याचा नंबर दाखवतं म्हणे. दाखवू दे! घाटाखालच्यांच्या खोकल्याचं आपल्याला काय?"

तुळाजीनं पत्रा गुडघ्यावर दाबून दुमडला आणि चावीसकट बॉनेटवर आपटला. इतके दिवस ओठांत धरलेलं बाहेर आलं.

"शेठ, घाटाखाली माझं घर आहे. माझ्या कारभारणीनं फुंकर मारली, तर नंबर माझ्याच ट्रकचा निघाला."