काढलेली चूक

"काकू, ही घ्या डीव्हीडी. दिग्दर्शकांच्या मनासारखा, पूर्ण सिनेमा आहे हा," मी म्हणालो.

तिरडी समोर ठेवून वाटणीवरून भांडणाऱ्या भावांचा तो विनोदी सिनेमा. तिरडीवरच्या प्रेताचं काम काकांनी केलं होतं. गेल्या महिन्यात काका खरंच गेले.

काकूंनी तिरडीचा शॉट लावायला सांगितला. चष्मा पुसून त्यांनी तो दोनदा पाहिला.

"थिएटरात इथे ह्यांची छाती हलायची रे."

"ती चूक एडिटिंगमध्ये मीच काढली. आठवडा लागला," मी अभिमानाने सांगितलं.

"थिएटरातला तो जुना सिनेमा असेल का तुझ्याकडे?"

"दिग्दर्शकांनी पुसायला लावला."

काकूंनी डीव्हीडी माझ्या टेबलावर परत ठेवली.

"इतके निपचित पडलेले तर मी ह्यांना घरीच पाहिलंय रे."