साडीला मनाई
लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून निंबोल्याचे भाईदास आणि मालूबाई मोठमोठे करमणुकीचे पार्क बघायला निघाले. पहिल्या दोन पार्कांत भाईदास झुल्यांवर बसले, मालूबाई पिशव्या सांभाळत बाकावर. तिसरं पाण्याचं होतं. माहेरी तापीत पोहायला शिकलेली मालूबाई उंच घसरगुंडीच्या रांगेत उभी राहिली. रखवालदारानं अडवलं, “माताजी, साडी नहीं चलेगी. ड्रेस किराए से मिलेगा.” “राहू दे,” भाईदास पुटपुटले, “या वयात पँट घालशील? लोक बघतील.” “बघू द्या.” भाड्याच्या निळ्या कपड्यांत ती बाहेर आली, साडी नवऱ्याच्या हातात दिली आणि जिना चढली. वर पोचल्यावर तिनं अंग झोकून दिलं. खाली नाकातोंडात पाणी गेलं. भाईदासांनी काठावरून हात दिला. “झाली हौस?” “एकदाच झाली,” ती म्हणाली आणि केस पिळत पुन्हा जिन्याकडे निघाली.