कापलेली लारी

आमच्या ह्यांना आदिलशाही नाण्यांचा भारी नाद. इंटरनेटवरच्या लिलावात एक लारी निघाली, म्हणजे केसांच्या आकड्यासारखं वाकवलेलं चांदीचं जुनं नाणं, आणि ह्यांनी माझ्या आईनं दिलेले पैंजण मोडायला मागितले. मी मुकाट काढून दिले. करमाळ्याचा कुणी उदयसिंह ह्यांना सारखा मेसेज करायचा, “नबीसाब, ती लारी खोटी हाय. हा माणूस अगदी एकसारख्या लाऱ्या दर महिन्याला विकतोय. तुमी बोली लावू नका.” “त्यालाच स्वस्तात पाहिजे असंल!” हे चिडून म्हणाले. शेवटच्या मिनिटाला ह्यांच्यावर बोली चढवून त्याच उदयसिंहानं लारी घेतली. मग मीही त्याला पोटभर शिव्या दिल्या. आठवड्यानं सोलापुरात आमच्या दारी त्याचं पार्सल आलं. आत तीच लारी, छिन्नीनं मधोमध कापलेली. वरून चांदी, आत लाल तांबं. हे तर नाण्याला ओरखडाही पडू देत नाहीत. दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन निरखत बसले. मग ह्यांनी उदयसिंहाला फोन लावला आणि माझ्याकडं दिला. “भाऊ, माझे पैंजण वाचले. लई उपकार झाले. पण आमच्यापायी तुम्ही कशाला खर्चात पडलात?” “वैनी, नुसत्या तक्रारीवर साइटवाले हालत न्हवते. कापलेल्या लारीचा फोटो धाडला, तवा कुटं त्या विकणाऱ्याचं दुकान बंद झालं.” मग तो म्हणाला, “माझ्या बायकोचे पैंजण असल्याच लारीत गेले, वैनी. तवा बोलीत मला हरवणारं कुणी न्हवतं.”