फेल?

आप्पासाहेबांनी एका बोटानं ए दाबला. मग शोधून शोधून दोन टिंबं दाबली आणि एंटर मारला. मशीन कुरकुरलं. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी ओळ उमटली. ओळीतला शेवटचा शब्द वाचला आणि एसीच्या गारव्यातही आप्पासाहेबांना दरदरून घाम फुटला.

त्यांचं इंग्रजी बेताचंच होतं. पण हा शब्द जुन्या ओळखीचा होता. तीन वेळा तो त्यांच्या नावापुढे लागला होता.

फेल.

आप्पासाहेबांच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला होता आणि तो शिकवायला शहरातून परवीन मॅडम आल्या होत्या. स्टोअर, डिस्पॅच आणि टाइम ऑफिसातली नऊ माणसं चपला दाराबाहेर काढून, कीर्तनाला बसावीत तशी बसली होती. तासाभरापूर्वी मॅडमनी एकेक वस्तू समजावली होती. हा की-बोर्ड, टाइपरायटरचा धाकटा भाऊ. हा मॉनिटर, म्हणजे पडदा. वर्गातला मॉनिटर जसा पोरांची नावं फळ्यावर लिहायचा, तसा आत जे चाललंय ते हा वर दाखवतो. फाइल म्हणजे फाइलच, फक्त तिच्यावर धूळ बसत नाही. आणि मेमरी म्हणजे स्मरणशक्ती.

"एकदा भरलं की हा विसरत नाही. कुछ भी नहीं भूलता," मॅडम कौतुकानं म्हणाल्या.

"माणसांचं बी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"माणसांचं पण. तुम्हा सगळ्यांची माहिती भरून झालीय. जन्मतारीख, गाव, शिक्षण, सगळं."

त्यापुढचं आप्पासाहेबांना काहीच ऐकू आलं नाही.

आप्पासाहेब स्टोअरकीपर होते. कोणता बोल्ट कोणत्या फळीवर आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण ती जागा होती मॅट्रिक पास माणसाची, आणि आप्पासाहेब मॅट्रिक नव्हते. नोकरीला लागताना त्यांनी ठोकून दिलं होतं की, नामांतराच्या दंगलीत देवगाव रंगारीहून येणारी एसटी पेटवली, तिच्यात सर्टिफिकेटची पिशवी गेली. त्या दिवसांत असं सांगितलं की कोणी उलटून विचारत नसे. शहरात तेव्हा इतकी सर्टिफिकेटं जळाली की, तेवढी माणसं शाळेत तरी गेली होती का, असा प्रश्न पडावा.

चौदा वर्षं ती थाप सुखानं चालली. आता मशीननं ती बाहेर काढली होती, आणि तीही मॅनेजर साहेबांच्या देखत. साहेब हाताची घडी घालून मागेच उभे होते. या नऊ जणांपैकी कोण जागेवर राहणार आणि कोण गेटवर राखणदारीला जाणार, ते आज त्यांनाच ठरवायचं होतं.

"काय आलं, आप्पासाहेब? मोठ्यानं वाचा की," मॅडम म्हणाल्या.

आप्पासाहेब उठून उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली आणि साहेबांकडे वळले.

"व्हय साहेब. फेल हाय मी. तीनदा. दोनदा गणितात अन् एकदा इंग्रजीत."

साहेबांनी हाताची घडी सोडली, तरी आप्पासाहेब थांबले नाहीत.

"सर्टिफिकेट नव्हतंच, तर जळंल कुठून? त्या साली लोकांची खरीखुरी घरं जळली, साहेब. त्यात मी माझा खोटा कागद जाळला. त्याची लई लाज वाटती. अजून बी नामांतराचा मोर्चा निघाला का मला वाटतं, माझ्याच दारावर येतोय."

"हे तर लई खतरनाक मशीन हाय," असं पुटपुटत डिस्पॅचचा सूर्यभान चहाच्या निमित्तानं बाहेर सटकला. त्याच्यामागून आणखी तिघांना चहाची तलफ आली.

परवीन मॅडमनी वाकून पडदा पाहिला आणि त्या तोंडावर ओढणी धरून हसत सुटल्या.

"अजी चाचा, घबराओ नक्को! तो तुम्हाला नाही म्हणत. ए म्हणजे ही फट. हिच्यात फ्लॉपी, म्हणजे माहितीची चकती, घालायची होती, ती तुम्ही घातलीच नाही. म्हणून तो विचारतोय, सोडून देऊ, परत बघू, का फेल समजू? पुढचं प्रश्नचिन्ह दिसलं नाही का तुम्हाला?"

आप्पासाहेबांनी पाहिलं. प्रश्नचिन्ह होतं खरं. मॅट्रिकच्या बोर्डानं त्यांना असं कधी विचारलं नव्हतं.

ते मटकन खुर्चीत बसले. कोणी विचारलेलं नसताना आपण सगळं ओकून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. नोकरी गेलीच होती. तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं फार बरं होतं.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी घसा खाकरला.

"मॅडम, परत बघू म्हणायचं तर काय दाबायचं?"

"आर, सर."

"मग आप्पासाहेब, फ्लॉपी घाला आणि आर दाबा. स्टोअर तुमच्याकडेच राहील. इथं जे बोलणं झालं ते या खोलीबाहेर जाता कामा नये."

आप्पासाहेबांचे डोळे भरून आले. बाकीचे साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. लेट मार्कावरून माणसाला उभं-आडवं घेणारे साहेब आज एवढे दिलदार कसे झाले, ते कोणालाच कळेना.

"सर, आता तुम्ही," मॅडमनी खुर्ची पुढे केली. "एकदा सगळ्यांनीच बसायचंय."

साहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मग खुर्चीत बसायच्या आधी ते वाकले आणि फटीत बोट घालून चाचपत हळूच म्हणाले, "फ्लॉपी आत आहे ना, मॅडम? नक्की?"